शंभर टक्के सुती

कापूस गेला. आत्ता होता, आत्ता नाही. जेवणाच्या टेबलावर काचेची वाटी होती, वाटीत गडद निळं पाणी होतं आणि कापडवाले काका त्यात वाकून वाकून कापूस शोधत होते. अमोनियाच्या वासाने त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीच्या लग्नात बापाचे डोळे भरून येतातच, पण साधारणपणे होकार दिल्यानंतर. काकांनी तो अजून दिला नव्हता.

"कुठे गेला नाही काका, विरघळलाय," मुलगा ढवळत म्हणाला. मुलगा म्हणजे काकांच्या मुलीने पसंत केलेला. कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात रसायनं बघायचा. "मोरचूद आणि अमोनिया. आता त्याला परत आणतो."

"ती वाटी मात्र माझ्या स्वयंपाकघरात परत आणू नका," काकू म्हणाल्या.

काकांच्या नकाराला दोन कारणं होती. पहिलं चारचौघांत सांगण्याजोगं होतं. दुकानावर वीतभर अक्षरांत पाटी होती, 'फक्त शंभर टक्के सुती', आणि जावई करायचा तो नकली धाग्याच्या कारखान्यातला? लोक पाटी वाचतील आणि हसतील. दुसरं कारण ते फक्त काकूंना सांगत. मुलगा खरं बोलायचा. पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं होतं, की भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे आणि काका केसांना लावतात तो रंग उन्हात जांभळा दिसतो.

"खरं बोलू नये असं माझं म्हणणं नाही," काका म्हणाले होते. "पण कुणी विचारल्यावर बोलावं ना. हा आपल्या दुकानात बसला, तर आठ दिवसांत शटर ओढावं लागेल."

मुलाने निळा पाक सिरिंजमध्ये ओढला आणि पातळ अ‍ॅसिडच्या ताटलीत हळूहळू सोडला. निळी रेघ उमटली, फिकट झाली आणि बघता बघता पांढरी पडली. त्याने ती चिमट्याने उचलली, पाण्यात धुतली आणि काकांच्या हातावर ठेवली. धागा होता. चांगला, लांब, चमकदार धागा.

"हा तुमचाच कापूस, काका. मोडून परत जोडला, एवढंच. आता यात नकली काय ते सांगा."

काकांनी धागा उजेडात धरला, बोटांत चोळला, दातांनी चावला. तीस वर्षांत त्यांनी कापूस इतका बारकाईने पाहिला नव्हता.

"बघू," ते म्हणाले. काकांचं 'बघू' म्हणजे पाऊण होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी लगेच चहा टाकला. मुलीने अमोनियाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि सगळे चहा प्यायले. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण मुलाला पाव होकार कमी पडत होता.

"काका, तुमचा शर्ट दुकानातलाच ना? त्याचाच धागा करून देतो. शंभर टक्के सुती म्हणजे पाच मिनिटांचं काम."

"शर्ट राहू दे," काका म्हणाले. "नवा आहे."

"नवा कसला, चार वर्षांचा आहे," काकू कात्री घेऊन आल्याच. "मागचं टोक काप रे. खोचलेलंच असतं, कोण बघतंय?"

ताज्या द्रावणात तुकडा पडला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मुलगा ढवळत राहिला. तुकडा गोल फिरला, तळाशी गेला, वर आला आणि डबक्यात डुंबणाऱ्या म्हशीसारखा निवांत पडून राहिला. निळा झाला, पण रतीभरही कमी झाला नाही.

काकांना नवल वाटलं नाही, कारण त्या कापडात सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. सूत नव्हतंच. मुलगी सहा वर्षं गल्ल्याशेजारी बसत होती. ती छताकडे बघू लागली. काकू त्या शर्टाकडे बघत होत्या, ज्याला चार वर्षांत एकदाही इस्त्री लागली नव्हती.

आणि तिघंही, मुलगा आता खरं बोलणार म्हणून, श्वास रोखून थांबले.

मुलाने कपाळाला आठ्या घातल्या. तुकड्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"अमोनिया शिळा झाला," तो म्हणाला. "चहाच्या नादात बाटली उघडी राहिली. चूक माझी आहे, काका."

बाटली उघडी राहिली नव्हती. झाकण लावताना काकांनी मुलीला स्वतः पाहिलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी प्रथमच मायेने पाहिलं.

"लग्नाची तारीख बघा," ते काकूंना म्हणाले. "कुठे काय बोलावं ते कळतं याला. उगाच मी गैरसमज करून घेतला होता." मग मुलाच्या पाठीवर थाप मारली. "उद्या दुकानावर या जावईबापू. आता तुमचंच आहे ते."

मुलगी फाटकापर्यंत सोडायला आली. तिचं हसू मावत नव्हतं.

"बाबांची लाज राखलीस आज. इतकं सफाईदार खोटं बोलता येतं तुला?"

"खोटं?" मुलगा थांबला. त्याने खिशातून धुऊन पुसलेला तो निळसर तुकडा काढला आणि जपून उलगडला. "अगं, अमोनियाच शिळा होता. नाहीतर काकांचं कापड विरघळणार नाही, असं होईल का? उद्या नवी बाटली घेऊन दुकानातच येतो आणि चार गिऱ्हाइकांसमोर विरघळवून दाखवतो. त्यांच्या पाटीबद्दल कुणाला शंका राहायला नको."