सत्यवानचा पोशाख

बाबलीनं बाटली उपडी केली. तापलेल्या कातळावर पाणी सांडलं आणि बघता बघता सुकलं. रिकामी बाटली त्यानं पोशाखाच्या पाठीवर पुन्हा बसवली, चाप आवळले आणि हात पुसले.

१९६७ सालचा मे महिना. देवगडच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, पत्र्याची बंद खोली उभी होती, आत शेगड्या धगधगत होत्या. अंतराळात जाणाऱ्या माणसाच्या पोशाखाची आज चाचणी होती. अंगातली उष्णता ओढून घ्यायला त्यातल्या बारीक नळ्यांतून पाणी फिरायचं. जुन्या पोशाखात त्या पाण्याची वाफ बाहेर जायची. पाठीवरच्या बाटलीतलं पाणी संपलं, की आतला माणूस शिजायचा.

बाबलीचा थोरला भाऊ सत्यवान मुंबईच्या प्रयोगशाळेत तसाच गेला होता. तिथल्या प्रमुखांनी, कारखानीस साहेबांनी, कागदावर सही केली होती : चूक मृताचीच.

“माझो झील भाजून मेलो,” आई म्हणाली होती. “त्या सायबाक पाण्यासाठी तळमळताना बघतलंस, तेव्हाच माका तोंड दाखय.”

म्हणून देवबागेतलं लाँचच्या इंजिनांचं काम सोडून बाबली इथं मिस्त्री म्हणून लागला. तांडेल आडनाव लपवून परब सांगितलं. नव्या पोशाखाला पाणी कमी लागतं, एवढं त्यानं ऐकलं होतं. कमी म्हणजे काही शून्य नव्हे. चाचणीला साहेब स्वतःच आत बसणार होते. जीव कासावीस झाला की ते बाटलीची तोटी उघडतील आणि थेंबही येणार नाही. या एका क्षणासाठी तो चार वर्षं थांबला होता.

ठरल्याप्रमाणे कारखानीस साहेबांनी पोशाख चढवला. दिल्लीचे दोन अधिकारी बाहेरच्या मांडवात घड्याळ लावून बसले.

“बाटली भरलीस?” साहेबांनी विचारलं.

“भरली, साहेब.”

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं; बाबलीचा चेहरा थेट थोरल्या भावाचा होता. “गाव कुठलं तुझं?”

“देवबाग.”

साहेबांनी मान हलवली आणि ते आत गेले. बाबलीनं बाहेरून कडी घातली.

दोन तास झाले. बाबली पत्र्याला कान लावून उभा होता. आत हूं नाही की चूं नाही.

“मरतलो रे तो,” जीपचा ड्रायव्हर बाळा कुजबुजला. “दार उघड!”

“येळ झालो नाय अजून,” बाबली म्हणाला.

तीन तासांनी दार उघडलं. साहेब स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले.

एका अधिकाऱ्यानं बाटली काढून हलवली. “तोटी उघडलेलीच नाही, मग पाणी गेलं कुठं? कुणी ओतलं?”

बाबली पुढे झाला. आता लपवून काय उपयोग होता?

त्यानं तोंड उघडायच्या आतच साहेब बोलले, “मीच ओतायला सांगितलं. नळ्यांतलं पाणी तेच तेच फिरतं, उष्णता पाठीवरचं मेण शोषून घेतं. बाहेरचा थेंबही लागत नाही. ही कल्पना सत्यवान तांडेलची. तेव्हा मी त्याला हसलो होतो. आज ती खरी ठरवायला मी त्याच्या धाकट्या भावाला मुद्दाम बोलावून घेतलं.”