धक्का स्टार्ट

वाटणी झाल्यापासून शेजारच्या घरातले माझे मोठे दीर, भरतेशअण्णा, आमच्याशी बोलत नव्हते. पण आमची जुनी गाडी धक्क्याशिवाय सुरू व्हायची नाही. रोज सकाळी ते मुकाट्यानं येत, गाडी ढकलत आणि खिडकीतून ब्राह्मीच्या गालाला बोट लावून परत जात. माझ्या लेकीला तेवढाच काका उरला होता.

काल ह्यांनी गॅरेजवाल्या सिद्धूला बोलावलं. "दुरुस्त करून ठेवू, का देऊन टाकू?"

मी ब्राह्मीला पोटाशी घट्ट धरलं. दोन्हीकडून काका जाणारच होता.

"इकू नका मालक, इंजिन लय भारी हाय. स्टार्टरची ही वायर तेवढी निसटलीय, बघा," म्हणत सिद्धूनं ती खोचली. गाडी एका चावीत सुरू झाली. दारापर्यंत आलेले अण्णा तिथूनच मागं फिरले. "काका, धक्का!" म्हणून ब्राह्मी रडत राहिली.

आज सकाळी गाडी पुन्हा सुरू होईना. अण्णांच्या दाराकडं बघत हे मोठ्यानं ओरडले, "आज बी धक्का लागणार!"

 

अण्णा यायच्या आत मी ह्यांच्या बोटांचं काळं ऑइल ओढणीनं पुसून टाकलं.