भुताची चाल

"भाऊ, वैजूले मांडवात तुमी नका नेऊ," रुख्मिणी मोठ्या भावाकडे न बघता म्हणाली. "नवरदेवाची आजी अडून बसली. म्हणते, ज्यानं जिंदगीभर सिनेमात नवऱ्या उचलून नेल्या, त्याच्या हातून सून नाई घेत."

गुलाबरावांनी डोक्यावरचा फेटा उगाच चाचपला. भयपटांत सारं आयुष्य भूत झालेला हा माणूस एवढ्या एका कामासाठी मुंबईहून कारंजाकडच्या मालेगावला आला होता. नवरीला मांडवात मामा आणतो, आणि रुख्मिणीच्या लेकीला, वैजयंतीला, दुसरा मामा नव्हता.

"मुकेशले सांग," ते म्हणाले. "चुलतभाऊ हाये तिचा."

"मंग त्याचंच लगन लावा," मुंडावळ्या बांधून बसलेली वैजयंती म्हणाली. "मी नाई उठत."

तेवढ्यात मंगल कार्यालयाच्या त्या मागच्या खोलीत काठी टेकत आवडाबाई आल्या. नवरदेवाच्या आजी. गुलाबरावांना त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का जी ते? विहिरीतून वर येनारे?"

"हो, बाई. मीच."

"कारंजाच्या टाकीजमंदी पाह्यलं होतं. सालभर विहिरीवर एकटी गेली नाई मी. सासूच्या शिव्या खाल्ल्या तुमच्यापायी."

"चुकलं, बाई."

"पर तोंड तं साधं हाये तुमचं."

"ते तोंड रबराचं होतं. आतमंदी घामानं गालाची सालटं निघत."

"अन् ते हासनं?"

"तेबी मायं नाई. स्टुडिओत दुसराच मानूस हासे."

आवडाबाईंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची भीती कोणीतरी हातातून काढून घ्यावी तसा.

"मंग त्याच्यात तुमचं सोताचं काय होतं?"

हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. गुलाबराव आपल्या पायांकडे बघत राहिले.

"चालनं," ते म्हणाले.

आवडाबाईंनीही त्या पायांकडे पाहिलं. मग दाराकडे वळल्या. "आना मंग पोरीले. पर मानसासारखं चाला."

गुलाबराव माणसासारखं चालायला गेले. वैजयंतीचा हात धरून मांडवात घाईनं चार पावलं टाकली आणि त्यांचा पाय तिच्या शालूवर पडला. ती धडपडली. मागच्या खुर्च्यांवर हशा झाला. कोणीतरी भुतासारखं ओरडलंही. गुलाबराव जागीच थांबले. हात सोडू लागले.

तिनं सोडला नाही.

"मामा," ती मुंडावळ्यांच्या आडून हळूच म्हणाली, "तुमच्याच चालीनं चला ना. लहानपणी तुमच्या पायावर उभी राहून चालनं शिकली मी. मले तीच येते."

गुलाबरावांनी मान वर केली. एक पाऊल टाकलं. त्याच्यावर सगळा भार येऊ दिला. मग दुसरं पाऊल, पाण्यातून ओढून काढल्यासारखं, सावकाश. शेजारी वैजयंतीचं पाऊल तस्संच पडलं. शालू आता कुठे अडकेना. मागचा हशा थांबला. मांडवात फक्त पंख्यांचा आवाज राहिला.

पहिल्या रांगेत आवडाबाईंनी शेजारणीचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताच्या मुठीतून अक्षता केव्हाच गळू लागल्या होत्या. पण त्यांनी त्या पावलांवरून नजर हटवली नाही.