जुनी की नवी

बाबा गेल्यावर त्यांची गिटार कुणी ठेवायची, हे ठरेना. म्हणून त्यांची पन्नास वर्षं जुनी गिटार आणि त्याच कंपनीने त्याच नमुन्यावर नव्याने काढलेली गिटार, दोन्ही मी बाबांच्या गिटारींच्या दुकानातल्या बाकावर आडव्या ठेवल्या. ताई भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी वाजवतो, तू ओळख. जुनी की नवी. एकदा जरी चुकलीस तर बाबांची गिटार माझी."

"वाजव रे शहाण्या."

सहाही वेळा तिने बरोबर ओळखलं. नवीचा आवाज कोरा, जुनीचा मुरलेला. मग मला खोडी सुचली. काहीच न वाजवता मी हात मांडीवर ठेवले.

"जुनी," ताई म्हणाली.

बरी सापडली! मी हसू दाबलं.

"पण शेवटची तार अशी मुकी का ठेवलीस? बाबांची नक्कल करतोस?"

गिटारी बनवताना बाबांच्या करंगळीचं पेर करवतीखाली गेलं होतं. त्यांची शेवटची तार कधी धड वाजलीच नाही, नुसती ठक् करायची.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. जुन्या गिटारीच्या तारा मात्र थरथरत होत्या. शेवटची सोडून.

"ताई, पुरे आता."

"थांब रे. ही नवी. हिचीही तीच तार मुकी."

मी हात मांडीवर घट्ट दाबून धरले.

"आता दोन्ही एकदम," ताई भिंतीकडे बघतच हसली. "एवढे हात कुठून आणलेस रे?"