ड्रॅगनसमोरचा सैनिक

"काका, तुमचा चान्स," पुतणी म्हणाली. कार्डं मांडली होती तिच्या बाबांच्या, माझ्या दादाच्या काळ्या ट्रंकेवर. दादा गेल्यावर पलटणीने पाठवलेली ही ट्रंक अजून कुणी उघडली नव्हती.

मी माझं ड्रॅगनचं कार्ड पुढे सरकवलं. हल्ला कुणी करायचा ते मी ठरवायचं, तो कुणी अडवायचा ते तिने. कुणीच अडवलं नाही, तर घाव थेट तिच्यावर बसणार आणि तिचे पॉइंट जाणार. मला हे सगळं तिनेच शिकवलं होतं.

तिच्यापुढे एकच कार्ड उरलं होतं, सैनिकाचं.

"कर की त्याला पुढं," मी म्हणालो. "तो मरेल, पण तू वाचशील."

"नको. मलाच लागू दे."

तिचे निम्मे पॉइंट गेले. पुढच्या चान्सला मी पुन्हा ड्रॅगन सरकवला, तिने पुन्हा सैनिकाला हात लावला नाही. मी वैतागलो.

"अगं, हरशील अशानं! सैनिक असतो कशासाठी मग?"

तिने ते कार्ड ट्रंकेवरून उचललं, मांडीवर ठेवलं आणि तळहाताने झाकलं.

"तो सुट्टीवर आलाय, काका," ती म्हणाली. "मारा मला."