शाब्बास, वामनराव
आमच्या वैद्यकीय संशोधनात सहभागी मधुमेही घरीच साखर तपासायचे आणि यंत्रातला आकडा मोबाईलवरून थेट अकोल्याला आमच्या संगणकात यायचा. परतवाड्याच्या वामनरावांची साखर दिवाळीनंतर एकाएकी इतकी सुधारली, की काय पथ्य करता ते विचारायला मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता. "दिवाळीतच गेले," त्यांच्या पत्नी, आशाकाकू, म्हणाल्या. "मग रोज साखर कोणाची येते, काकू?" त्यांनी यंत्र काढलं, सरावानं स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीला लावला. मोबाईल बोलला, "शाब्बास, वामनराव! आज साखर छान आहे." काकूंनी फोटोकडे पाहिलं. "लग्नात उखाना घेतला, तेवढंच मी त्यायचं नाव घेतलं, पोरी. मंग जलमभर 'अवो' म्हनलं. आता त्यायले नावानं हाक मारनारं घरात कोनीच नाई. हा मोबाईल मारते." मला सांगणं भाग होतं. "काकू, तुमचं रक्त त्यांच्या नावावर चालत नाही. ही नोंद आजच बंद करावी लागेल." "मंग हा बोलनार नाई?" "नाही," मी म्हणाले. काकूंनी नवी पट्टी यंत्रात बसवली, टोचून टोचून काळं पडलेलं बोट मुठीत मिटलं आणि दुसरं बोट माझ्यापुढे धरलं. "तूच टोच, पोरी. एक डाव अजून बोलू दे त्याले."