नवसाचा कोंबडा

पोरगी बी.ए. पास झाली की म्हसोबाला कोंबडा देईन, असं हिर्डोशीच्या नूतनची आई बोलून बसली होती. घरी मुंगूस पिल्लं ठेवीना, म्हणून नवसाचं पिल्लू नूतनने भोरला होस्टेलवर नेलं आणि कॉटखाली खोक्यात वाढवलं. त्याला तुरा आला, तो पहाटे सगळ्यांना उठवू लागला, तशा मुली त्याला ‘सर’ म्हणू लागल्या. वॉर्डनबाई अंड्यांच्या आशेवर गप्प होत्या. सर नूतनच्या उशाशी झोपायचे.

परीक्षेत नूतनने सगळे पेपर कोरे दिले.

निकाल लागल्यावर ती सरांना काखेत घेऊन घरी आली आणि वडिलांना म्हणाली, “आबा, मी नापास झाले. आता म्हसोबाला कोंबडा नाही ना द्यायचा?”

“न्हाई. नवस पुरा झाल्याबिगर कसा द्यायचा?” आबांनी कोंबडा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. “पास झाली असतीस तर म्होरं शिकवणार हुतो. आता पावनं बोलावल्यात, सुपारी फोडायला. जेवूनच जात्याल.”

मग आत तोंड करून म्हणाले, “अगं, मसाला वाट. आन् हिला साडी नेसीव.”